पुन्हा त्याच समुपदेशकाकडे जावे का?

प्रतिनिधी

'गरज सरो, वैद्य मरो' ही म्हण आपल्याकडे कृतघ्नतेच्या संदर्भात वापरली जाते. मनाच्या उपचारांच्या बाबतीत मात्र तिच्या पूर्वार्धाला निराळा अर्थ आहे. रुग्णाला आपली गरज उरू नये, त्याचे त्याला निभावता यावे, हेच चांगल्या समुपदेशकाचे उद्दिष्ट असते. त्यामुळे उपचारांचा शेवट हा उपचारांचाच एक भाग मानला जातो. प्रश्न उभा राहतो तो त्यानंतर. गरज सरली, निरोपही झाला आणि काही वर्षांनी तीच अस्वस्थता पुन्हा दारात उभी राहिली, तर काय करावे? जुन्याच समुपदेशकाकडे जावे, की नवा शोधावा?

समजा, ठाण्यात राहणारी आणि मुंबईतील एका बँकेत नोकरी करणारी ३८ वर्षांची एक महिला आहे. पाच वर्षांपूर्वी घटस्फोटाच्या काळात तिला नैराश्याने ग्रासले. दादरच्या एका समुपदेशक बाईंकडे ती वर्षभर दर शनिवारी जात असे. गुण आला. 'वाटले तर केव्हाही या,' असे सांगून बाईंनी तिला निरोप दिला. आता तिचे वडील गेले आहेत. पहाटे तीनला जाग येते, पुन्हा झोप लागत नाही आणि लोकलच्या गर्दीत एकाएकी डोळे भरून येतात. बाईंचा क्रमांक मोबाइलमध्ये आहे. तिने तो चार वेळा काढला आणि चारही वेळा फोन न करताच मोबाइल ठेवून दिला. उदाहरण कल्पित आहे. पण मोठ्या शहरांतून समुपदेशनाचा प्रसार झाल्यापासून या उंबरठ्यावर घुटमळणाऱ्यांची संख्या कमी नाही. त्यांना विचार करण्यास उपयोगी पडतील असे मुद्दे येथे एकत्र दिले आहेत.

परतणे म्हणजे नापास होणे नव्हे

फोन न होण्याचे पहिले कारण बहुधा लाज हे असते. 'एवढे सगळे शिकून पुन्हा तिथेच आलो' किंवा 'बाईंना वाटेल, आपले सगळे श्रम वाया गेले' असे विचार मनात येतात. वस्तुस्थिती वेगळी आहे. नैराश्याचा त्रास एकदा होऊन गेलेल्यांपैकी निम्म्या किंवा त्याहून अधिक व्यक्तींना पुढे केव्हा तरी तो पुन्हा होतो, असे मनोविकारशास्त्र सांगते. जितक्या वेळा त्रास होतो, तितकी पुढची शक्यताही वाढत जाते. त्यामुळे पुन्हा मदत लागणे हे पहिल्या उपचारांचे अपयश ठरत नाही. किंबहुना, लक्षणे लवकर ओळखू येणे हे त्याच उपचारांचे एक फलित असते. पहिल्या वेळी सहा महिने अंगावर काढलेला त्रास दुसऱ्या वेळी सहा आठवड्यांत लक्षात आला, तर ते शिकणे वाया गेले असे कसे म्हणावे?

मनोविश्लेषणाचा जनक सिग्मंड फ्रॉइड यानेही आयुष्याच्या अखेरीस या प्रश्नाचा विचार केला. १९३७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका निबंधात, विश्लेषण कधी कायमचे संपते का, हाच त्याचा विषय होता. खुद्द विश्लेषकांनी साधारण दर पाच वर्षांनी स्वतः पुन्हा विश्लेषण करून घ्यावे आणि त्यात लाज मानू नये, असा सल्ला त्याने दिला. पुढे अमेरिकी मानसशास्त्रज्ञ निकोलस कमिंग्ज यांनी याच दिशेने अधिक व्यवहारी भूमिका मांडली. आयुष्याच्या निरनिराळ्या टप्प्यांवर गरज पडेल तेव्हा थोडक्या काळासाठी यावे, काम झाले की जावे आणि पुन्हा लागले तर पुन्हा यावे, अशी त्यांची पद्धत होती. आपल्या घरोघरच्या फॅमिली डॉक्टरांचे नाते याच प्रकारचे असते. दोन वर्षांपूर्वीचा ताप बरा झाला होता, म्हणून यंदाच्या तापासाठी त्यांच्याकडे जाण्याची कोणाला लाज वाटत नाही.

विचार आणि वर्तन यांवर काम करणाऱ्या बोधात्मक वर्तनोपचारात तर परत येण्याची सोय आधीच करून ठेवलेली असते. नियमित सत्रे संपल्यावर साधारण तीन, सहा आणि बारा महिन्यांनी उजळणीची सत्रे घ्यावीत, असा प्रघात आहे. शिकलेली कौशल्ये टिकली आहेत का, कुठे गंज चढला आहे का, हे त्यात पाहिले जाते.

व्हिएन्नातील एक जुनी गोष्ट

जुन्या उपचारकाकडे परतण्याचे फायदे आणि धोके एकाच वेळी दाखविणारे एक प्रकरण मनोविश्लेषणाच्या इतिहासात प्रसिद्ध आहे. सर्गेई पांकेयेव हा श्रीमंत रशियन जमीनदार घराण्यातील तरुण १९१० मध्ये व्हिएन्नात फ्रॉइडकडे आला. खिडकीबाहेरच्या झाडावर बसलेले लांडगे त्याने लहानपणी स्वप्नात पाहिले होते. त्यावरून 'लांडगा-मानव' या टोपणनावाने तो ओळखला जातो. उपचार लांबत चालले, तेव्हा फ्रॉइडने ते संपविण्याची तारीखच ठरवून टाकली आणि १९१४ च्या उन्हाळ्यात, पहिल्या महायुद्धाच्या तोंडावर, त्याला निरोप दिला. रुग्ण कायमचा बरा झाला, अशी फ्रॉइडची तेव्हा समजूत होती.

त्यानंतर रशियात क्रांती झाली आणि पांकेयेवची संपत्ती गेली. १९१९ मध्ये तो पुन्हा व्हिएन्नात फ्रॉइडकडे आला आणि काही महिने उपचार घेऊन गेला. फ्रॉइडने पुढे काही वर्षे त्याच्यासाठी पैसेही गोळा केले. १९२६ मध्ये तिसऱ्यांदा त्रास उद्भवला, तेव्हा मात्र फ्रॉइडने त्याला स्वतःकडे न घेता रूथ मॅक ब्रुन्सविक या आपल्या शिष्येकडे पाठविले. पांकेयेवने व्हिएन्नातच विमा कंपनीत नोकरी केली, संसार केला, तथापि विश्लेषकांची सोबत त्याला १९७९ मध्ये मृत्यू येईपर्यंत लागली. कायमच्या बरे होण्याबद्दलचा आपला अंदाज चुकला होता, अशी कबुली फ्रॉइडने १९३७ च्या त्याच निबंधात दिली.

या गोष्टीतून तीन बोध घेता येतात. पहिला असा, की बाहेरच्या जगात मोठी उलथापालथ झाली, तर बरा झालेला माणूसही पुन्हा मदत मागू शकतो. दुसरा असा, की उपचारक हाच आश्रयदाता झाला, तर नात्याची सरमिसळ होते आणि स्वतःच्या पायावर उभे राहणे अवघड बनते. तिसरा बोध उपचारकांसाठी आहे. आपल्याकडे आलेला प्रत्येक जुना रुग्ण आपणच ठेवून घेतला पाहिजे असे नाही. प्रसंगी त्याला दुसरे नाव सुचविणे हेही उपचारकाचे कर्तव्य असते.

जुनाच समुपदेशक बरा, तो केव्हा?

'जुने ते सोने' हे नेहमीच खरे नसले, तरी काही परिस्थितींत जुन्या समुपदेशकाकडे जाणे शहाणपणाचे ठरते.

अमेरिकी मानसशास्त्रज्ञ एडवर्ड बॉर्डिन यांनी १९७९ मध्ये उपचारक आणि रुग्ण यांच्यातील नात्याची तीन अंगे सांगितली. कशासाठी काम करायचे याबद्दल एकमत, ते कसे करायचे याबद्दल एकमत आणि परस्परांविषयीचा विश्वास, ही ती तीन अंगे. हे नाते जुळणे आणि उपचारांचा गुण येणे यांचा जवळचा संबंध आहे, असे त्यानंतरच्या संशोधनात पुन्हा पुन्हा आढळले. एकदा जमलेली ही घडी पुन्हा बसविण्यास साहजिकच कमी वेळ लागतो. घरातील माणसे, बालपण, लग्न, नोकरी ही सारी कहाणी पहिल्यापासून सांगावी लागत नाही. समुपदेशकाने आपल्याला वाईट काळात पाहिलेले असते, तसेच सावरतानाही पाहिलेले असते. 'मागच्या वेळी तुम्ही यातून कसे बाहेर आलात, आठवते का?' हा प्रश्न नवा माणूस विचारू शकत नाही.

तेव्हा पुढील गोष्टी जुळत असतील, तर जुन्या दाराचा विचार प्रथम करावा. मागील उपचारांचा खरोखर गुण आला होता. शेवट ठरवून आणि समाधानाने झाला होता. आताचा त्रास मागच्याच जातीचा आहे. आणि त्या व्यक्तीसमोर खोटे बोलावे किंवा काही लपवावे, असे तेव्हा वाटत नव्हते. यातील शेवटची कसोटी सर्वांत महत्त्वाची समजावी.

दुसरे दार केव्हा ठोठवावे?

याउलट काही वेळा नवा उपचारक शोधणेच हिताचे असते. त्रासाचे स्वरूप बदलले असेल, तर जुन्या समुपदेशकाचे कौशल्य त्याला पुरेलच असे नाही. वैवाहिक कलहात ज्यांनी उत्तम मदत केली, त्यांचा व्यसनमुक्तीचा, मंत्रचळाचा किंवा अपघातानंतरच्या आघाताचा अभ्यास असेलच, असे गृहीत धरू नये. लक्षणे तीव्र असतील, भास होत असतील किंवा खाणेपिणे, झोप आणि काम पूर्ण विस्कटले असेल, तर आधी मनोविकारतज्ज्ञांना भेटणे आवश्यक असते. औषधे लिहून देण्याचा अधिकार त्यांना असतो, समुपदेशकाला नसतो.

दुसरे कारण नात्यातील बदलाचे. उपचार संपल्यावर समुपदेशकाशी मैत्री झाली, व्यवहार झाला, ते आपल्या मुलाचे शिक्षक झाले किंवा आपल्या पती वा पत्नीवर उपचार करू लागले, तर पूर्वीचे तटस्थ नाते उरत नाही. २०१६ च्या 'डिअर जिंदगी' या हिंदी चित्रपटात गोव्यातील मानसोपचारतज्ज्ञ नायिकेला शेवटच्या सत्रानंतर बाहेर भेटण्यास नम्रपणे नकार देतो. अनेक प्रेक्षकांना तो कठोर वाटला असेल. पण या संयमामुळेच रुग्णासाठी परतीची वाट मोकळी राहते.

मागील वेळी उपचारकाकडून मर्यादाभंग झाला असेल, म्हणजे लगट, अपमान, गुपित फोडणे, धर्म वा जातीवरून शेरेबाजी असे काही घडले असेल, तर परतण्याचा विचारच करू नये. 'पण त्यांनी मला समजून घेतले होते' ही ओढ अशा वेळी दिशाभूल करते. लैंगिक संबंधांबाबत तर व्यवसायाची नीती स्पष्ट आहे. ज्या व्यक्तीशी पूर्वी असे संबंध आले, तिला उपचारांसाठी स्वीकारू नये, असे अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनची आचारसंहिता निःसंदिग्धपणे सांगते.

एक बारीक कारण आणखी आहे. कधी कधी जुना समुपदेशक आपल्याला हवाहवासा वाटतो, तो केवळ त्याच्याकडे अवघड प्रश्न विचारले जात नाहीत म्हणून. वर्षभर गप्पा छान झाल्या, मन हलके झाले, पण वागण्यात तसूभर फरक पडला नाही, असा अनुभव असेल, तर परत जाण्यात आराम मिळेल, उपाय मिळेलच असे नाही. नव्या माणसाची नवी नजर अशा वेळी उपयोगी पडते. अर्थात, याची उलट बाजूही आहे. जुन्या समुपदेशकाने वर्मावर बोट ठेवले, म्हणून आपण मध्येच जाणे सोडले असेल, तर नव्या दाराकडे वळणे ही पळवाट असू शकते.

मध्येच सोडून दिले असेल तर

आपल्याकडे समुपदेशनाचा शेवट अनेकदा निरोपाने होत नाही. परीक्षा, बदली, बाळंतपण किंवा पैशांची ओढाताण असे काही निमित्त होते, एक सत्र चुकते, मग दुसरे चुकते आणि पुढे फोन करण्याचाच संकोच वाटू लागतो. एखाद्या सत्राची फी राहून गेलेली असते. अशा वेळी 'ते रागावले असतील' या कल्पनेने माणसे नवा समुपदेशक शोधतात आणि तेथेही काही महिन्यांनी त्याच रीतीने गायब होतात.

रुग्णाने मध्येच जाणे थांबविणे हा समुपदेशकांच्या नित्याच्या अनुभवाचा भाग आहे. त्याविषयी मोकळेपणाने बोलता आले, तर ते संभाषण स्वतःच उपचाराचे काम करते. न सांगता निघून जाण्याची सवय ज्याला घरात, नोकरीत आणि नात्यांतही छळते, त्याने एकदा तरी परत जाऊन 'मी तेव्हा का थांबलो' हे सांगून पाहण्यासारखे आहे. पुढे उपचार तेथेच घ्यायचे की नाहीत, हे त्यानंतर ठरविता येते.

पहिली भेट कशी असावी?

परतण्याचा निर्णय एका फोनवर ठरविण्याची गरज नसते. एक भेट मागावी आणि ती चाचपणीची आहे, हे आधीच सांगावे. लांबलचक खुलासा नको. 'पाच वर्षांपूर्वी मी आपल्याकडे येत होते. सध्या पुन्हा त्रास होतो आहे. एकदा भेटून पुढचे ठरवावे असे वाटते,' एवढे पुरे असते. समुपदेशक निवृत्त झालेले असतील, परगावी गेलेले असतील किंवा त्यांच्याकडे जागा नसेल, तर नकार येऊ शकतो. तो आपल्याला दिलेला नकार नाही, हे मनाशी ठेवून दुसरे नाव सुचविण्याची विनंती करावी.

भेटीत पुढील गोष्टी विचाराव्यात: मागच्या वेळी आपण नेमके काय साधले होते? काय राहून गेले? आताचा त्रास आपल्या कार्यक्षेत्रात बसतो का? औषधांची गरज वाटते का? किती सत्रांनंतर आढावा घ्यायचा? सध्याची फी किती? पाच वर्षांत समुपदेशकही बदललेला असतो. त्याची पद्धत, जागा, वेळा, दर यांत फरक पडलेला असू शकतो. आपणही तेच राहिलेलो नसतो. म्हणून जुन्याच ठिकाणी गेलो, तरी नवे काम सुरू होत आहे असे मानणे दोघांनाही सोयीचे. तीन-चार सत्रांनंतर थांबून हिशेब घ्यावा. जुन्या आठवणींच्या उबेपलीकडे काही हाती लागत नसेल, तर तसे स्पष्ट सांगावे.

परगावी किंवा परदेशी गेलेल्यांना व्हिडिओ कॉलवरून जुन्या उपचारकाशी बोलण्याची सोय आता आहे. मात्र, मनोविकारतज्ज्ञांकडून औषधे घ्यायची असल्यास एक नियम ठाऊक असावा. मार्च २०२० मध्ये जारी झालेल्या टेलिमेडिसिनच्या मार्गदर्शक सूचनांनुसार, त्याच आजारासाठी त्याच डॉक्टरांशी प्रत्यक्ष भेटीनंतर सहा महिन्यांच्या आत झालेला सल्लाच 'पाठपुरावा' म्हणून धरला जातो. त्याहून अधिक काळ गेला असेल, तर ती पहिली भेट समजली जाते आणि दूरस्थपणे कोणती औषधे देता येतील यावर अधिक बंधने येतात.

आपले हक्क

मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ मध्ये संमत झाला आणि मे २०१८ पासून अमलात आला. त्यातील काही तरतुदी परतणाऱ्या रुग्णाच्या उपयोगाच्या आहेत. कलम २३ नुसार मानसिक आजार, उपचार यांविषयीची माहिती गुप्त ठेवली जाण्याचा हक्क रुग्णाला आहे. कायद्याने सांगितलेले मोजके अपवाद सोडून ती उघड करता येत नाही. कलम २५ नुसार आपल्या मूलभूत वैद्यकीय नोंदी पाहण्याचा हक्क आहे. रुग्णाला गंभीर मानसिक अपाय किंवा इतरांना इजा होण्याची शक्यता असेल, तेव्हाच नोंदींतील विशिष्ट भाग रोखून ठेवता येतो. म्हणजे नव्या उपचारकाकडे जाताना जुन्या उपचारांचा गोषवारा, औषधांची नावे व मात्रा मागून घेण्यात संकोच बाळगण्याचे कारण नाही. शारीरिक आजारांच्या धर्तीवर मानसिक आजारांसाठीही विमा उपलब्ध करून देण्याचे बंधन याच कायद्याने विमा कंपन्यांवर घातले. तरी समुपदेशनाच्या सत्रांचा खर्च मिळतो का, हे आपल्या पॉलिसीच्या अटींत तपासून घ्यावे.

नवा उपचारक निवडताना त्याची पात्रता विचारणे हाही हक्कच आहे. मनोविकारतज्ज्ञ हे वैद्यकीय परिषदेकडे, तर चिकित्सा मानसशास्त्रज्ञ भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणीकृत असतात. 'समुपदेशक' अशी पाटी मात्र फारच वेगवेगळे शिक्षण झालेल्या व्यक्ती लावतात. त्यामुळे पदवी, प्रशिक्षण, अनुभव आणि ते स्वतः कोणा ज्येष्ठांच्या देखरेखीखाली काम करतात का, हे निःसंकोच विचारावे.

तेव्हा विचार करीत बसू नये

जुना की नवा, हा प्रश्न सवडीचा आहे. जीव नकोसा झाला असेल, स्वतःला इजा करण्याचे विचार येत असतील, तर सवड नसते. अशा वेळी जो कोणी जवळ असेल त्याला सांगावे, जवळच्या रुग्णालयात जावे किंवा 'टेलिमानस' या सरकारी सेवेला १४४१६ या क्रमांकावर फोन करावा. ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झालेली ही सेवा विनामूल्य असून चोवीस तास उपलब्ध आहे आणि मराठीतही बोलता येते. जुन्या समुपदेशकाची वेळ पुढील आठवड्यात मिळणार असली, तरी तोवर एकट्याने थांबू नये.

ठाण्याच्या त्या महिलेपाशी पुन्हा येऊ. तिचे दुःख हा कदाचित आजार नसेलही. वडिलांच्या जाण्याचा शोक आपल्या गतीने ओसरतो. त्यासाठी दोन-तीन भेटीही पुरतील. कदाचित जुने नैराश्य शोकाच्या आडून परतले असेल आणि औषधांचीही गरज पडेल. यातले काय खरे, हे पहाटे तीन वाजता छताकडे पाहत तिला ठरविता येणार नाही. त्या दादरच्या बाईंनी तिला आधी पाहिले आहे, गुण आला होता, निरोप नीट झाला होता आणि त्यांच्यापाशी ती खरे बोलू शकत होती. या कसोट्यांवर उत्तर 'एकदा भेटून यावे' असेच येते. पाचव्या वेळी क्रमांक काढावा आणि तो लावावा. बाईंनी दुसरे नाव सुचविले, तरी रात्र एकटीने काढण्यापेक्षा ते बरे.